आतूला एकदा अटक झाली होती

आतू सख्खी आत्या एकट्या छोटीची. पण ती कामाला होती त्या पाळणाघरात जेवढी म्हणून पोरं वाढली ती सगळी तिला आतूच म्हणायची, त्यांचे आईबाप आतू म्हणायचे, आणि पाळणाघराच्या मालकीणबाई, वयानं तिच्याहून चांगल्या मोठ्या असूनही, "अहो आतू" करूनच हाक मारायच्या. कारण ती कामाला लागली तेव्हा छोटी तिच्या कडेवर होती. छोटी जे म्हणेल ते बाकीची पोरं म्हणत गेली. तिचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाच्या तोंडी यायचं, आणि ते ऐकून ती स्वतःच मागं वळून बघायची, ही कोण नवी बाई आली म्हणून.

अंगानं भरलेली, आवाज फाटका, आणि तोंड म्हणजे चालू नळ. गाता येत नव्हतं, म्हणून पोरांना ती भांडून झोपवायची. पोर मांडीवर घ्यायची, पाठीवर थोपटायची आणि दबक्या आवाजात दम भरायची, "झोपू नकोस हं. अजिबात झोपायचं नाही. डोळे मिटलेस तर याद राख." पोर तिच्याकडे बघत बघत कधी झोपलं ते त्यालाही कळायचं नाही. प्रत्येकाला तिनं नाव ठेवलेलं. सतत तक्रार करणारा तो वकील, चावणारी ती हेडमास्तरीण, खाऊन झोपून पुन्हा खाणारा तो सरकार. लग्नाचं कुणी विचारलंच तर म्हणायची, "पोरं आधी झाली ना, मग नवऱ्याला नंबरच लागला नाही."

छोटी तिच्या भावाची मुलगी. आई लहानपणीच गेलेली, वडील कामासाठी दूर गेले आणि तिकडेच वारले. छोटीला आतूनं वाढवलं, शिकवलं, पाळणाघरातल्या मागच्या खोलीत तिचे अभ्यास घेतले, पुढं पोरीनं स्वतः निवडलेल्या मुलाशी लग्न लावून दिलं. आता छोटीला सातवा महिना चालू होता. बाळंतपणाची रजा संपली की बाळ आतूच्याच पाळणाघरात यायचं, हे इतकं ठरलेलं होतं की त्यावर कुणी बोलतही नव्हतं.

मधेच मालकीणबाई थकल्या. गुडघे ऐकेनात. त्यांनी पाळणाघर एका कंपनीला विकलं. कंपनीची अशी बरीच पाळणाघरं होती. भिंतींना नवा रंग आला, कोपऱ्याकोपऱ्यात कॅमेरे आले, बायकांना हिरवे एप्रन मिळाले. कामावरून कुणालाही काढणार नाही, असं नव्या मॅनेजर मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. फक्त सगळ्यांची एकदा पडताळणी होईल. "लहान मुलांचं काम आहे ना," त्या म्हणाल्या, "नियमच आहे. तुमच्यासाठी नुसती औपचारिकता."

फॉर्म फोनवर भरायचा होता. आतूला फोनवर फक्त बोलता यायचं. म्हणून रविवारी छोटी आली, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर सुजलेले पाय टाकून बसली, आणि एकेक प्रश्न मोठ्यानं वाचू लागली. आतू भांडी घासत होती.

"जन्मतारीख?"

"आई म्हणायची, खूप थंडी होती."

"आतू!"

"अगं, आहे कुठंतरी ओळखपत्रावर. बघ त्या डब्यात."

ईमेल विचारला. आतूकडे कुठला असणार! छोटीनं स्वतःचा घातला. मग पत्ता झाला, शिक्षण झालं, आधीची नोकरी झाली. आणि मग छोटी एकदम खळखळून हसली.

"ऐक, पुढचा प्रश्न ऐक. 'आपणास यापूर्वी कधी अटक झाली आहे का?' तुला अटक करायची तर आधी चार पोरं तुझ्या अंगावरून उतरवावी लागतील त्यांना!"

असं म्हणून तिनं 'नाही' वर बोट टेकवलं. पुढच्या प्रश्नाला गेलीसुद्धा.

आतूच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. नळ वाहत होता. तिनं तोंड उघडलं असतं तर त्याच क्षणी उघडायला हवं होतं. पण तोंड उघडून सांगायचं काय? हसणाऱ्या, सात महिन्यांच्या पोटुशीला? तिनं नळ बंद केला, पातेलं पुसलं आणि जागेवर ठेवलं. इतक्या वर्षांपूर्वी त्या साहेबानं स्वतः सांगितलं होतं, विसरून जा म्हणून. त्यांनी विसरायला सांगितलं म्हणजे ते स्वतःही विसरले असतील, अशी तिची आपली भाबडी समजूत.

आता ती गोष्ट सांगायला हवी.

आतू तरुण असताना कपडे शिवायच्या कारखान्यात होती. तिच्या शेजारच्या मशिनवर जी मुलगी बसायची ती तिची जिवाभावाची मैत्रीण. तिला आपल्या भावासाठी मागणी घालणारी आतूच, दोघांना भेटवणारीही आतूच. मैत्रीण वहिनी होऊन घरी आली. दोन खोल्यांचं घर, भाऊ, वहिनी, आतू आणि लवकरच छोटी. दोघी भांडायच्या मोठ्यानं आणि हसायच्या त्याहून मोठ्यानं. भिंती पातळ होत्या. शेजाऱ्यांना भांडण स्पष्ट ऐकू यायचं; हसण्याकडे कुणी कान देत नाही.

त्या वर्षी थंडी कडाक्याची होती. भावानं न्हाणीघरात गॅसचा गिझर बसवून घेतला होता. न्हाणीघराला एकच खिडकी, टीचभर, तिच्या फटीतून वारा यायचा. आपल्या बायकोला, लेकराला थंडी वाजू नये म्हणून त्यानं ती पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून घट्ट बंद केली. प्रेमानं केली. गॅसचा धूर बाहेर जायला जागा लागते, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आदल्या संध्याकाळी दोघींचं कडाक्याचं वाजलं होतं. कारण म्हणाल तर एक स्वेटर. आतूनं न विचारता घातला आणि त्यावर डाग पाडला. रात्रभर वहिनी बोलली नाही. सकाळी भाऊ कामावर गेला, वहिनी अंघोळीला गेली, आतू छोटीला केळं कुस्करून भरवत बसली. पाण्याचा आवाज येत होता. येतच राहिला. आतूनं एकदा हाक मारली. उत्तर नाही. रुसलीय अजून, असं तिला वाटलं. थोड्या वेळानं पुन्हा हाक मारली, मग दार ठोठावलं, मग शेजाऱ्याला बोलावून आणलं आणि हातोडीनं कडी तोडली. तोवर सगळं संपलं होतं.

वहिनीच्या वडिलांनी पोलिसांत तक्रार दिली. लेक गेलेल्या बापाला कुणावर तरी राग काढायचाच होता, आणि शेजारी सांगायला हजर होते, आदल्याच दिवशी नणंदेनं केवढा आरडाओरडा केला ते. साहेबानं घर बघितलं, खिडकी बघितली आणि विचारलं, "हा पुठ्ठा कुणी लावला?"

भाऊ खाली जमिनीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा आतूनं बघितला. आई तर गेलीच होती. उद्या बापालाही उचलून नेलं तर पोरीचं कोण? "मला माहीत नाही," ती म्हणाली. साहेबाला कळलं की ही काहीतरी दडवतेय. तेवढं बरोबर कळलं. बाकीचं चुकीचं कळलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात, इथं तर चोरच नव्हता.

तिला धरून नेलं. कोठडीत ती दीड आठवडा होती. त्याबद्दल ती कधीच कुणाशी बोलली नाही, म्हणून इथंही जास्त सांगता येत नाही. एवढंच कळतं, की तिथल्या एका बाईचं तान्हं रडत होतं, ते हिनं मागून घेतलं आणि रात्रभर थोपटलं. मग डॉक्टरांचा अहवाल आला. गॅसनं गुदमरून मृत्यू, अंगावर कसलीही खूण नाही, अपघात. पुठ्ठ्याचं पुन्हा कुणी विचारलं नाही. साहेबानं दार उघडलं आणि म्हणाला, "जा घरी. विसरून जा." खटला नाही, कोर्ट नाही, हातात कागदाचा कपटाही नाही.

भाऊ तिच्यासमोर कधी मान वर करू शकला नाही. काही महिन्यांनी त्यानं दूरची नोकरी धरली. "पोर तुझ्याजवळ राहू दे," तो म्हणाला, "मला तिच्याकडे बघवत नाही गं." पुढं एकदाच आला. छोटीला खांद्यावर बसवून गल्लीच्या टोकापर्यंत घेऊन गेला आणि परत आणलं. त्यानंतर वर्षभरात तिकडेच कामावर असताना गेला. छोटीला वडील म्हणजे तेवढीच एक संध्याकाळ आठवते: उंचावरून दिसणारी गल्ली आणि धरायला त्यांचे दोन कान.

आई कशानं गेली, असं छोटीनं पाच वर्षांची असताना विचारलं. आतूच्या तोंडून निघालं, "ताप आला होता." पोरीला समजेल तेव्हा खरं सांगू, असं तिनं ठरवलं होतं. पण खोटं एकदा घरात राहायला आलं की भाडेकरूसारखं होतं, काढता निघत नाही. शाळा झाली, कॉलेज झालं, लग्न झालं. तापच राहिला.

पडताळणीचा निकाल आला तेव्हा दुपारची झोपेची वेळ होती. निळ्या गाद्यांवर पोरं पसरली होती. वकील आतूच्या मांडीवर नुकता शांत झाला होता. मॅनेजर मॅडम दारात आल्या आणि हातानंच खूण केली. आतूनं वकिलाला खाली ठेवलं, तर तिच्या एप्रनचा कोपरा त्याच्या मुठीत. एकेक बोट सोडवावं लागलं.

ऑफिसात मॅडमनी दार लोटून घेतलं. मुलगीच होती ती, छोटीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल.

"आतू, तुमच्या अहवालात एक नोंद आलीय."

आतूनं एप्रनचा चुरगळलेला कोपरा सरळ केला.

"दोषी ठरला नव्हतात, ते मला दिसतंय. खटलासुद्धा झाला नाही. पण फॉर्ममध्ये तुम्ही 'नाही' लिहिलंत. कंपनी म्हणते, खोटी माहिती दिली."

"ते माझ्या भाचीनं भरलं. तिला माहीत नव्हतं."

"सही तुमची आहे ना."

आतूनं मान डोलावली. मग विचारलं, "आणि 'होय' लिहिलं असतं तर?"

मॅडमनी टेबलावरची पेन्सिल उचलली, परत ठेवली. "तर... वर विचार झाला असता."

"खरं सांगा मॅडम."

मॅडमनी एकदा दाराकडे बघितलं. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, "मृत्यूचं प्रकरण आणि लहान मुलं. नसतं जमलं, आतू. कुणा आईबापांना कळलं, तर मी त्यांना काय सांगणार होते?" त्यांचे डोळे भरून आले होते, पण पुढचं त्यांना सांगावंच लागलं. "पालक न्यायला येतात त्याच्या आधी तुम्ही निघालात तर बरं होईल. म्हणजे तुम्हालाच प्रश्न नकोत."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. 'होय' म्हटलं असतं तरी दार बंद, 'नाही' म्हटलं तरी बंद. आतूनं एप्रन काढला, घडी करून खुर्चीवर ठेवला. पोरं झोपलेलीच होती. ज्या बाईनं कधी कुणाला निरोप दिल्याशिवाय घरी सोडलं नव्हतं, ती चपला हातात घेऊन बाहेर पडली, आवाज नको म्हणून.

घरी आली तर छोटी दाराशी उभी. तिच्याकडे किल्ली होती, पण ती आत गेली नव्हती. अहवालाची एक प्रत अर्जदाराला जाते. ईमेल छोटीचा होता.

"माझी आई कशानं गेली?" तिनं विचारलं.

"आत चल. उभी राहू नकोस अशी."

"आतू, माझी आई कशानं गेली?"

आतूनं तिला आत नेलं, पलंगावर बसवलं, पाण्याचा पेला दिला. आणि मग सांगितलं. कारखाना, मैत्री, स्वेटर, गिझर, बंद खिडकी, पाण्याचा आवाज, हातोडी, कोठडी. एरवी एका वाक्याला दहा जोडणारी बाई, तेव्हा शब्द मोजून मापून बाहेर काढत होती. छोटी ऐकत होती. पोटावर दोन्ही हात घट्ट.

"म्हणजे खिडकी बंद होती म्हणून."

"हो."

"आधी उघडी असायची?"

"फटी होत्या. वारा यायचा."

"मग बंद कुणी केली?"

आतूनं तिच्याकडे बघितलं. तेच डोळे, भावाचे. या पोरीकडे बापाची म्हणून एकच संध्याकाळ होती. ती काढून घ्यायची? आणि तिच्या जागी काय द्यायचं? पुठ्ठा आणि चिकटपट्टी?

"थंडी फार होती गं," आतू म्हणाली. "सगळ्यांनाच वाजायची."

छोटीनं उत्तराची वाट बघितली. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि आतूला कळलं की पोरीला उत्तर मिळालं. चुकीचं मिळालं. इतकी वर्षं लपवलं, आता नजर चुकवतेय, म्हणजे हिनंच ती बंद केली असणार. दुसरं कुणी काय समजलं असतं?

अजून वेळ गेली नव्हती. एक वाक्य पुरलं असतं. आतूनं ते वाक्य जिभेवर आणलंही. आणि गिळलं.

छोटी रडू लागली. मग तिनं आतूचा हात धरला. "तू मुद्दाम नाही केलंस," ती हुंदके देत म्हणाली. "मला माहीत आहे. तुला तरी काय ठाऊक होतं! मी तुझ्यावर रागावले नाही, आतू. खरंच नाही."

न केलेल्या चुकीची माफी आतूनं ओंजळीत घेतली. "बरं," एवढंच म्हणाली. तिला रडू आलं नाही. छोटी निघून गेल्यावरही आलं नाही. ती बराच वेळ त्या पेल्यातलं उरलेलं पाणी बघत बसली.

मग सुरू झाल्या चकरा. बाळंतिणींकडे आणि तान्ह्या बाळांकडे बायका पाठवणारी एक संस्था होती. त्यांना आतू बघताक्षणी आवडली. त्यांच्या फॉर्मवर तिनं यावेळी स्वतःच्या हातानं 'होय' लिहिलं आणि पुढं सगळी हकीकत लिहिली, जागा संपली तेव्हा समासातसुद्धा. "कळवतो," ते म्हणाले. कळवलं नाही. वृद्धाश्रमात विचारलं. तिथं तर फॉर्म वाचता वाचता समोरच्या गृहस्थानं हळूच स्वतःची खुर्ची मागं सरकवली.

कुणीतरी सांगितलं, पोलिसांकडून दाखला आण, की तू निर्दोष आहेस. ती गेली. तेच ठाणं, फक्त भिंतींचा रंग दुसरा. खिडकीतल्या कारकुनानं संगणकावर बघितलं.

"बाई, निर्दोष असा दाखला कोर्ट देतं. तुमचा खटला कोर्टात गेलाच नाही."

"म्हणजे मी काही केलं नाही म्हणूनच गेला नाही ना?"

"बरोबर आहे."

"मग तेवढं लिहून द्या."

"आमच्याकडे तसा नमुना नाही." तो काही वाईट माणूस नव्हता, त्यानं सगळी यादी पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितली. "खटला झाला असता आणि सुटला असतात, तर निकालाचा कागद तरी मिळाला असता. तुमच्याकडे निकालच नाही. अटक आहे, आणि पुढं रिकामं."

"त्या रिकाम्या जागेत लोक काय वाटेल ते भरतात हो," आतू म्हणाली.

त्यानं तिला बसायला सांगितलं, पाणी विचारलं. ती उठून आली.

बातमी कुठून फुटली कोण जाणे, पण फुटली. हेडमास्तरिणीच्या आईनं रस्त्यात गाठून मिठी मारली आणि म्हणाली, आमचा यावर विश्वास नाही. आणखी एकदोघांनी फोन केले. पण एका संध्याकाळी समोरच्या फुटपाथवरून "आतूऽऽ" अशी आरोळी आली, बघते तर वकील, आईचं बोट ओढत, अख्खा रस्ता ओलांडायच्या बेतात. त्याच्या आईनं आतूला बघितलं, ओळखीचं हसली, आणि मुलाला उचलून घेऊन दुसऱ्या गल्लीत वळली. त्याचं रडणं कोपऱ्यापलीकडूनही ऐकू येत होतं. ते रडं कसं थांबवायचं ते जगात दोनच माणसांना माहीत होतं, आणि दोघींपैकी एकीला आता परवानगी नव्हती.

शेवटी काम मिळालं ते हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत. तिथं कुणी काही विचारत नव्हतं. वाफ, साबणाचा वास, आणि मशिनचा एवढा आवाज की बोलायची सोयच नाही. चालू नळ तिथं आपोआप बंद झाला.

छोटीला मुलगा झाला. आतू दवाखान्यात गेली, बाळाला घेतलं, बघितलं, "हा सरकारच्या वळणावर जाणार," म्हणाली, सगळे हसले. छोटी तिच्याशी पूर्वीसारखीच वागत होती. पूर्वीपेक्षा जरा जास्तच चांगली, आणि आतूला तेच खुपायचं. पूर्वी पोरगी भांडायची, वसकन अंगावर यायची, "तुला काही कळत नाही" म्हणायची. आता प्रत्येक बोलण्याआधी क्षणभर थांबायची. रजा संपल्यावर बाळाला त्याच कंपनीच्या दुसऱ्या पाळणाघरात घातलं. "तिथं कॅमेरे आहेत, फोनवर बघता येतं," जावई म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. भला मुलगा. आतूनंच विषय बदलला.

रविवारी ती त्यांच्याकडे जायची. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. एकदा ती गेली तर बाळाला ताप होता, रात्रभर कुणी झोपलं नव्हतं. जावई कामावर गेलेला. डॉक्टरांनी फोनवर थेंबांचं औषध सांगितलं होतं, ते आणायचं होतं.

"तू जाऊन ये," आतू म्हणाली. "मी आहे ना."

छोटी थांबली. मग घाईनं म्हणाली, "हो, हो. आलेच मी." तिनं चपला घातल्या, पर्स घेतली, बाळाला आतूच्या हातात दिलं. दार लागलं. जिन्यात पावलं वाजली, एक मजला, आणि मग वाजायची थांबली. आतू बाळाला थोपटत ऐकत होती. पावलं परत वर आली.

"फोन विसरले," छोटी दारात म्हणाली. फोन तिच्या हातात होता.

दोघींनी फोनकडे बघितलं. छोटीचं तोंड वेडंवाकडं झालं. ती तिथंच, उंबऱ्यात, खाली बसली.

"मला तसं काही वाटत नाही गं, आतू. देवाशप्पथ नाही वाटत."

"माहीत आहे मला."

"तू मला वाढवलंस. मला तुझ्याशिवाय कोण आहे? पण पायच उतरेनात. मी काय करू?"

"काही करू नकोस." आतू जवळ गेली, वाकली आणि बाळ तिच्या मांडीवर ठेवलं. "आई आहेस. आईचे पाय असेच असतात. दे ती चिठ्ठी इकडे. मी आणते औषध."

"आतू..."

"अगं दे. आणि त्याचं डोकं जरा उंच धर, नाक चोंदलंय त्याचं."

ती जिना उतरली. मधल्या मजल्यावर कठड्याला धरून उभी राहिली, अंगातल्या जाडजूड स्वेटरच्या बाहीनं तोंड पुसलं आणि पुढं गेली. कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं. दुकानदार नवीन होता, तरुण आणि मन लावून काम करणारा. त्यानं चिठ्ठी वाचली आणि बाटली काढली.

"बाळ केवढं आहे?"

"सहावा लागलाय."

"मग नीट ऐका हं, मावशी," तो म्हणाला, आणि त्यानं बाटली हातात धरून सगळं समजावून सांगितलं. थेंब किती, ते गालाच्या आतल्या बाजूला कसे सोडायचे, घशात एकदम नाही ओतायचे, बाळाला आडवं नाही ठेवायचं, अंग कोमट पाण्यानं पुसायचं. आतू काउंटरला टेकून ऐकत होती. मधे एकदाही बोलली नाही.

"येईल ना जमायला?" त्यानं विचारलं.

"हो," आतू म्हणाली. "सांगते त्याच्या आईला."